कुप्याचा वाटा

जर्मनीतल्या गेर्लिंगेनच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात रविवारी सकाळपासून कुंदाबाईंचा आवाज चढला होता, आणि ज्याच्यामुळे तो चढला होता तो सिंकमध्ये आडवा पडला होता. चांगला हातभर लांब कुपा. पाठीवर काळे पट्टे, पोट रुपयासारखं पांढरं. स्पेनच्या दर्यातला. सुट्टीहून येताना गाडीत बर्फाच्या पेटीत बसून आला होता, आणि मग खाली केलरमधल्या, म्हणजे तळघरातल्या, फ्रीजरात दगड होऊन पडला होता. काल वर आणून ठेवला तरी पोटातला बर्फ काही सुटत नव्हता.

दुपारी कार्ल्सरूहेहून विलासराव आणि ऊर्मिला यायचे होते. गावातलीच आणखी दोन मराठी घरं यायची होती. सगळ्यांना बोलावणं एकच: आईंनी पकडलेला मासा खायला या.

"ही सुरी आहे गो, की पाकीट फोडायची पट्टी?" कुंदाबाई सुनेला म्हणाल्या. "ह्याने कुपा कापायचा? कोयता पाहिजे. मांडी घालून बसलं, कोयता पायाखाली दाबला, की एका घावात डोकं बाजूला."

"अहो आई, कोयता विमानात आणू देत नाहीत," तनया म्हणाली.

"तुला काय त्यातलं कळणार. तुमच्या चिंचवडात बांगडा आणि वांगं एकाच भावाने घेत असतील."

तनया हसली. लग्नाला चौदा वर्षं झाली तरी ती ह्या बोलण्याला हसायचीच. जन्माची शाकाहारी पोरगी. नवऱ्यासाठी मासे करायला शिकली, पण रबरी हातमोजे घातल्याशिवाय माशाला हात लावत नसे, आणि तुकडे चिमट्याने उचलायची. तो चिमटा हा कुंदाबाईंच्या जिभेचा आवडता खुराक होता. अलिबागला गेल्या की शेजारणींना बोलावून त्या सुनेच्या चिमट्याची नक्कल करून दाखवत.

आज मात्र बोलताना त्यांनी पदराचं टोक तोंडाशी धरलं होतं. खालची कवळी नव्हती. 'स' म्हटलं की हवा फिस्सकन निसटायची. आणि तनयाच्या डाव्या तळहाताला आडवी चिकटपट्टी होती. कुंदाबाईंची नजर त्या पट्टीवर गेली की लगेच दुसरीकडे वळायची. आठवडाभर असंच चाललं होतं. स्वतःच्या घरात माणसाने चोरासारखी नजर फिरवावी, अशी वेळ त्यांच्यावर आजवर आली नव्हती.

त्याचं असं झालं.

कुंदाबाई थळच्या कोळीवाड्यातल्या. बाप तांडेल, होडीचा म्होरक्या, भाऊ तांडेल, दादल्याची स्वतःची होडी. दादला गेल्यावर बाईने डोक्यावर पाटी घेतली, अलिबागच्या बाजारात बसून म्हावरं विकलं आणि मुलाला, गौरांगला, इंजिनियर केलं. शाळा म्हणाल तर दुसरीपर्यंत, पण बाजारात त्यांच्या तोंडाला लागायची कोणाची छाती नव्हती. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की म्हणायच्या, "दर्या आमच्या घरचा आहे. तुम्हाला फुकट वाटत असेल तर जा, घ्या उतरून."

दर्या आमच्या घरचा. हे वाक्य त्यांनी इतक्यांदा म्हटलं होतं की गौरांग ते ऐकतच मोठा झाला. दर उन्हाळ्यात आई तीन महिने जर्मनीला यायची, आणि इथेही तेच. टीव्हीवर समुद्र दिसला की ही पाण्याचा रंग बघून वारा सांगणार. नेकार नदीत नाव बघून म्हणणार, "ह्याला बोट म्हणतात? आमच्याकडे ह्यात कोंबड्या ठेवतात."

आता खरी गोष्ट ही, की कोळ्याची बाई समुद्रावर जात नाही. जाळं ओढणारा पुरुष, विकणारी बाई. नारळी पुनवेला सगळ्या बायका नटूनथटून बंदरावर जाणार, नाचणार, गाणार, आणि नारळ घेऊन पुरुष पाण्यात जाणार. बायकांचे पाय फार तर घोट्याएवढे भिजणार. कुंदाबाईंचं सगळं आयुष्य त्या घोटाभर पाण्यात गेलं होतं. आणि एवढंच नाही. लहानपणी एकदा बापाने हौसेने होडीत बसवलं, तर नांगर उचलायच्या आधी ह्यांनी बापाच्या अंगावर ओकारी केली होती. तेव्हापासून त्यांनी नावेचं नाव टाकलं. मुंबईला जायचं झालं तरी मांडव्याची लाँच सोडून पेणवरून एस.टी.ने जायच्या, आणि विचारलं तर सांगायच्या, "लाँचवाले लुटतात."

गौरांगला ह्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्याने आईची सत्तरी करायची म्हणून गुपचूप बेत केला. स्पेनच्या किनाऱ्यावर रोसेस म्हणून गाव आहे, तिथे आठ दिवस घर घेतलं, आणि नारळी पुनवेच्याच सकाळी एक बोट ठरवली. तिकडे ही रीतच आहे. पर्यटक येतात, पैसे देऊन बोटीत बसतात, बोटवाला हातात गळाची काठी देतो, मासा लागला की फोटो काढतात. पोटासाठी नव्हे, मजेसाठी. कुंदाबाईंना हे ऐकूनच हसू आलं होतं. "पैसे देऊन मासे मारायचे? मग पैसे देऊन पाटीपण उचलतात काय?"

पण बोट आपल्यासाठी ठरवली आहे, हे बंदरावर उभं राहिल्यावर कळलं. समोर पांढरी बोट, तिच्यावर हात पुढे करून उभा असलेला जोर्दी नावाचा दाढीवाला नाखवा, आणि गौरांग त्याला अभिमानाने इंग्रजीत सांगतोय की माझी आई कोळीण आहे, तिला काही शिकवायला नको. जोर्दीने छातीवर हात ठेवून मान लववली.

त्याच वेळी बोलायला हवं होतं. "बाळा, मला बोट लागते," एवढंच. पण समोर सून उभी, नात उभी, आणि आयुष्यभराचं ते एक वाक्य उभं. कुंदाबाईंनी लुगडं सावरलं आणि जोर्दीचा हात न घेता बोटीत पाय ठेवला.

बंदराचा बांध मागे पडला आणि लाट बाजूने आली. पुढचं काय सांगायचं. गौरांग आणि त्याची मुलगी अन्वी पुढे टोकावर फोटो काढत होती. मागे जोर्दीने काठी कुंदाबाईंच्या हातात दिली आणि तो बोट हाकायला वळला. त्याची पाठ फिरते न फिरते तोच ह्या कठड्यावर वाकल्या. सकाळचा चहा गेला, आदल्या दिवसाचा भात गेला, आणि शेवटच्या उचक्यात खालची कवळी गेली. पाण्यात पडताना ती एकदा चमकलेलीसुद्धा त्यांना दिसली.

आणि नेमका तेव्हाच मासा लागला. काठी वाकली, हातातून सुटली, आता जाणार इतक्यात मागून तनयाने ती धरली. एका हाताने काठी, दुसऱ्या हाताने सासूची कंबर. रीळ फिरवायला तिसरा हात नव्हता, म्हणून तिने कंबरेवरचा हात काढला, सासूला आपल्या गुडघ्याने कठड्याशी दाबून धरलं आणि दोराच हाताला गुंडाळला. जोर्दी ओरडत धावला, पण तोवर दोऱ्याने तळहात कापला होता. तरी पोरीने सोडला नाही. हातमोजे नाहीत, चिमटा नाही, कुपा बोटीत आला तेव्हा तिने त्याला पोटाशी धरला होता आणि तिच्या पांढऱ्या शर्टावर माशाचं रक्त कुठलं आणि तिचं कुठलं ते कळत नव्हतं.

गौरांग धावत मागे आला. जोर्दीने मासा उचलून तनयाला फोटोसाठी उभं केलं. तेव्हा तनया म्हणाली, "नको, आईंच्या हातात द्या. काठी त्यांचीच होती."

फोटो निघाला. कुंदाबाईंनी तोंड घट्ट मिटलेलं, त्यामुळे फार करारी दिसतात त्यात. पुनवेसाठी घरून आणलेला नारळ बाजूलाच पडला होता, तो तनयाने परतताना पाण्यात सोडला आणि हात जोडले. गौरांगने फोटो सगळ्यांना पाठवला आणि खाली लिहिलं: आईचा कुपा. थळपासून कार्ल्सरूहेपर्यंत वाहवा झाली. कुंदाबाईंनी मनाशी म्हटलं, मी कुठे काय बोलले? मी तर तोंडसुद्धा उघडलं नाही.

गेर्लिंगेनला परतल्यावर तनयाने दुखऱ्या हाताने फोन फिरवले, डेंटिस्टचा टेर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, मिळवायला. तो मिळाला पुढच्या महिन्यातला. तोवर ती सासूला पेज, मऊ भात, कुस्करलेली केळी देत होती, आणि कोणी विचारलं तर सांगत होती, आईंची कवळी टोचते म्हणून काढून ठेवली आहे. हे तिने आपणहून ठरवलं होतं. कुंदाबाईंनी सांगितलं नव्हतं, आणि नको असंही म्हटलं नव्हतं.

तर असा हा कुपा. दुपारी त्याचं कालवण झालं. कोकम, तिरफळं, भरपूर लसूण, सगळं कुंदाबाईंनी खुर्चीत बसून सांगितलं आणि तनयाने केलं. डोकं अख्खं ठेवलं. कारण कुंदाबाईंच्या माहेरी एक रीत होती. मोठं म्हावरं घरी आलं की बाकीचे तुकडे सगळ्यांचे, पण डोकं ज्याने ओढलं त्याच्याच ताटात. तो त्याचा वाटा. दुसऱ्याने खाल्लं तर दर्याला ते कळतं, असं त्यांचा बाप म्हणायचा. ही रीत त्यांनी मागेच फोनवर विलासरावांना ऐटीत सांगून ठेवली होती.

विलासराव म्हणजे कार्ल्सरूहेच्या मराठी मंडळाचे हौशी कार्यकर्ते. पंचवीस वर्षं इथे राहिलेला माणूस, मराठीत बोलताना मध्येच 'गेनाऊ', अगदी बरोबर, म्हणायचा. बायको ऊर्मिला मोठ्याने हसणारी आणि मनाने मोकळी. सगळे जमले, टेबलाला टेबल जोडलं, ताटं मांडली. तनयाने कोपऱ्यात आपल्यासाठी वरणभात आणि बटाट्याची भाजी ठेवली.

"काकू," विलासराव बसता बसता म्हणाले, "फोटो बघितला, पण आम्हाला गोष्ट पाहिजे. पहिल्यापासून. आम्ही गाडी चालवत आलोय त्यासाठी."

"गोष्ट कसली," कुंदाबाई पदराआडून म्हणाल्या. "मासा होता, आला."

"असं नाही चालायचं. दर्या तुमच्या घरचा ना?"

सगळे हसले. आणि कुंदाबाईंना बाजाराची आठवण झाली. भोवती माणसं, सगळ्यांचे डोळे आपल्याकडे, आणि जिभेवर शब्द तयार. जीभ ती. उतार लागला की घसरतेच.

सुरुवात त्यांनी खऱ्यानेच केली. जोर्दीची दाढी, त्याची गुळगुळीत बोट, जिच्यात मासे ठेवायला जागा कमी आणि बसायला गाद्या जास्त. त्याने मासे मारायला आलेल्या पाहुण्यांना कॉफी दिली, ते सांगितलं. लोक हसायला लागले. मग म्हणाल्या, "पाण्याचा रंग बघितला आणि म्हटलं, इथे आहे." हे पहिलं खोटं. त्याच्यावर दुसरं बसलं. काठी कशी वाकली, दोरा कधी ढिला सोडायचा, कधी ताणायचा, बापाने कसं शिकवलं होतं. विलासराव मान डोलवत होते. ऊर्मिलाने जेवण थांबवलं होतं. कुंदाबाईंनी पदर तोंडापासून काढला नव्हता, पण त्यांचा उजवा हात हवेत रीळ फिरवत होता आणि ते इतकं खरं दिसत होतं की त्यांना स्वतःलाच कुपा खेचल्यासारखं वाटत होतं.

"आणि बाकीचे काय करत होते?" ऊर्मिलाने विचारलं.

"बाकीचे?" कुंदाबाई म्हणाल्या. "हा गौऱ्या फोटो काढतोय. आणि आमची चिंचवडची राणी कठड्याला लोंबकळलेली. बोट हलली मात्र, हिने सकाळचे पोहे माशांना वाढले. मी एका हाताने काठी धरलीय आणि दुसऱ्या हाताने हिची कंबर. म्हटलं, गो बये, मासा वर येऊ दे, तू खाली जाऊ नकोस."

हशा असा उसळला की खालच्या मजल्यावरच्या म्हातारीने छताला काठी लावली असती. विलासरावांना ठसका लागला.

तनया भाताचं पातेलं घेऊन किचनच्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं. हातातलं पातेलं थोडं खाली आलं, मग तिने ते सावरलं. आणि हसून म्हणाली, "हो ना. मी तर अर्धमेली झाले होते. आई होत्या म्हणून."

आणि भात वाढायला लागली. डाव्या हाताची बोटं मिटून, मनगटावर पातेलं पेलून.

टेबलाच्या त्या टोकाला अन्वी बसली होती. दहा वर्षांची. तिला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. ती आईकडे बघत होती, मग आजीकडे. म्हणाली, "श्टिम्ट गार निश्ट." हे अजिबात खरं नाही. पण हसण्याच्या गोंधळात ते फक्त कुंदाबाईंना ऐकू आलं. अन्वीने खुर्ची मागे सारली आणि ती गॅलरीत जाऊन उभी राहिली. गौरांगने मान खाली घातली होती आणि तो पापडाचे तुकडे करत होता, त्या तुकड्यांचे आणखी तुकडे.

कुंदाबाईंना वाटलं होतं, शरम म्हणजे चारचौघांत कोणी आपल्याला बोललं की येते ती. बाजारात दुसऱ्यांची तशी शरम त्यांनी पुष्कळ काढली होती. पण इथे कोणीच काही बोललं नव्हतं. उलट सगळे हसत होते. आणि तरी कानाच्या पाळ्यांपासून मानेपर्यंत असा जाळ निघाला होता की त्यांनी पदर आणखी वर ओढला. सून खोटं बोलली होती ते आपलं खोटं टिकावं म्हणून. आणि मुलगा गप्प बसला होता, कारण आईसमोर गप्प बसायचं हेच तर आपण त्याला शिकवलं.

"तनया, हाताला काय लागलं गं?" ऊर्मिलाने विचारलं.

"काही नाही, सुरी लागली. कांदा चिरताना."

"जपून गं बाई."

मग विलासराव उठले. त्यांनी कालवणाच्या पातेल्यातून ते डोकं झाऱ्याने अलगद उचललं, एका बशीत ठेवलं आणि दोन्ही हातांनी कुंदाबाईंसमोर आणून ठेवलं. "काकू, रीत म्हणजे रीत. ज्याने ओढलं त्याचा वाटा."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

बशीत कुपा डोळा उघडा ठेवून पडला होता. लाल रश्श्यात तो पांढरा डोळा. कुंदाबाईंनी आयुष्यात हजारो माशांचे डोळे बघितले होते, ताजे आणि शिळे, आणि एकाही डोळ्यासमोर त्यांची मान खाली गेली नव्हती. ह्याच्यासमोर गेली. हा तिथे होता. ह्याने बघितलं होतं.

त्यांनी बशी उचलली, हात लांब केला आणि ती तनयाच्या ताटाशेजारी ठेवली. ताटात नव्हे, वरणभाताला रस्सा लागू नये एवढं अंतर राखून.

"हा माझा वाटा नाही," त्या म्हणाल्या. "मासा हिने ओढला."

क्षणभर कोणाला कळलं नाही. मग ऊर्मिला म्हणाली, "वा. सासू असावी तर अशी."

"खरंच, काकू," विलासराव म्हणाले, "मन मोठं आहे तुमचं. एवढा पराक्रम स्वतः करायचा आणि मान सुनेला."

"मान नाही देत हो. खरं सांगते. काठी तिने धरली. ओकत मी होते."

पुन्हा हशा. "गेनाऊ," विलासराव डोळे पुसत म्हणाले, "म्हणजे तनयाला लाज वाटू नये म्हणून आता ते पण स्वतःवर घेणार. ऐका, ऐका, शिका जरा."

ऊर्मिला तर खुर्चीवरून उठून कुंदाबाईंच्या पाया पडली.

आता काय करायचं. खोटं असं घोटून सांगितलं होतं की त्याच्यावर खऱ्याचा डागही बसत नव्हता. जेवढं खरं सांगावं तेवढ्या त्या मोठ्या होत होत्या. तनया हळूच म्हणाली, "आई, राहू द्या ना. जेवा." तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. राग नव्हता. नुसता थकवा होता, चौदा वर्षांचा.

कुंदाबाईंनी पदर तोंडावरून खाली घेतला. आठवडाभर कोणी बघितलं नव्हतं ते तोंड त्यांनी सगळ्यांसमोर उघडलं. वरची कवळी पांढरी, बरोबर रांगेत, आणि खाली काहीच नाही. नुसती लाल हिरडी, आत गेलेला ओठ. मघाशी बाजार गाजवणारी बाई एकदम शंभर वर्षांची दिसायला लागली.

"ही कवळी टोचते म्हणून काढलेली नाही," त्या म्हणाल्या. प्रत्येक 'स'ला हवा निसटत होती आणि त्यांनी ती निसटू दिली. "ओकताना दर्यात पडली. बांध मागे पडल्यापासून मी ओकत होते. मला बोट लागते. लहानपणापासून लागते. त्याआधी मी उभ्या जन्मात दर्यावर गेलेली नाही. आणि हिच्या हाताला सुरी लागलेली नाही. तो दोऱ्याने कापलाय. एका हाताने मासा धरला आणि गुडघ्याने मला. गौऱ्या, बोल की. का पापडच मोडत बसणार?"

गौरांगने मान वर केली. "हो," म्हणाला. "असंच झालं."

विलासराव बशीकडे बघत होते. ऊर्मिला अजून कुंदाबाईंच्या खुर्चीजवळ उभी होती, तिला परत जागेवर जावं की नाही ते समजेना. मोकळी बाई, पण तिच्या चेहऱ्यावरून सगळं वाचता येत होतं: आधी चक्रावणं, मग समजणं, आणि मग तनयाकडे बघून डोळे खाली करणं. आपण कशाला हसलो ते तिला कळलं होतं. कुंदाबाईंनी तोंड मिटलं, पण पदर परत वर घेतला नाही. बघू देत, त्यांच्या मनात आलं. पोरीने आठ दिवस झाकलं, आता बघू देत.

तनयाने आपली बशी उचलली आणि ती आत गेली. कोणीतरी पाण्याचा जग पुढे केला, कोणीतरी भाताबद्दल काहीतरी बोललं. कुंदाबाईंना वाटलं, गेली. टाकलं असेल डोकं कचऱ्याच्या बादलीत. टाकू दे. तिचा वाटा, तिची मर्जी.

बऱ्याच वेळाने ती परत आली. हातात तीच बशी. डोक्याचं सगळं मांस सोडवून, काटे काढून, मऊ भातात कालवून आणलं होतं, दात नसलेल्या माणसाला गिळता यावं असं. तिच्या उजव्या हाताची बोटं हळदीने पिवळी झाली होती. हातमोजा नव्हता.

तिने बशी सासूसमोर ठेवली. "माझा वाटा आहे ना? मग मी कोणालाही देईन," ती म्हणाली. आणि जरा थांबून, पहिल्यांदाच थोडी कडक होऊन, "पुन्हा माझे पोहे माशांना वाढू नका, आई."

"नाही वाढणार," कुंदाबाई म्हणाल्या.

अन्वी गॅलरीच्या दारात येऊन उभी राहिली होती. आत आली नाही, पण बाहेरही गेली नाही.

कुंदाबाईंनी पहिला घास घेतला. चव लागली नाही, मान वर झाली नाही. सगळे बघत होते आणि न बघितल्यासारखं करत होते. दुसऱ्या घासाला हिरडीला काहीतरी टोचलं. काटा. बारीक, केसासारखा, पण चांगला लांब. राहिला होता एक.

सगळं बोलणं आयतं जिभेवर आलं. चिंचवड, चिमटा, वांगं, सगळं. चौदा वर्षांची सवय ती. त्यांनी जिभेने काटा ओठांपर्यंत आणला, दोन बोटांनी काढला आणि कोणाला दिसू नये म्हणून मुठीत धरून ठेवला. मग उरलेला भात खाली मान घालून संपवला, बशीला रस्सा राहू न देता, आणि जेवण उरकेपर्यंत ती मूठ उघडली नाही.